न खुडलेली पट्टी

हुमनाबादच्या बसस्टँडवर माझा बर्फ वितळत होता आणि गुलबर्ग्याची गाडी काही केल्या येत नव्हती.

थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन मी बाकावर बसले होते. पेटीत तुरीचे शेंडे. बसवकल्याणकडच्या शेतांतून वणवण करून गोळा केलेले. बर्फ गेला की शेंडे जाणार, आणि शेंडे गेले की माझी सगळी मेहनत. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि माझ्या डोळ्यांतही तीच तयारी चालली होती.

"पेटीत मासे हायत का?"

मी वर बघितलं. उंच, सावळा, ओल्या केसांतून हात फिरवत उभा. हसू ओठांत दाबलेलं.

"तुरीचे शेंडे," मी तुसडेपणाने म्हणाले.

"ते तर आमी खुडून बांधावर फेकतो. तुमी बर्फात ठेवायलाव?"

त्याने पेटीखालून टपकणारं पाणी बघितलं, समोरच्या रसवंतीवर गेला आणि गोणपाटात गुंडाळलेला बर्फाचा मोठा तुकडा घेऊन आला. मागून रसवाली ओरडली, "हरीअण्णा, गोणपाट वापस आणून दे!"

ती त्याला अण्णा म्हणाली, आणि मला उगीचच हायसं वाटलं. पाच मिनिटांची ओळख नाही, तरी! माझा स्वभावच असा. लहानपणी आईने शेजारच्या मुलीची वेणी घातली तर मी रात्री जेवत नसे.

तो हरिओम. गाव राजेश्वर, घरची शेती. गाडी आली तेव्हा म्हणाला, "पुढच्या वर्षी आमच्याच शेतात या, मॅडम. लागतील तेवढे शेंडे घ्या." त्याने सहज म्हटलं असेल. मी मात्र जूनमध्ये बियाण्याची थैली घेऊन खरंच हजर झाले.

मी वनस्पतींच्या पेशींवर पीएचडी करते. एका पेशीच्या दोन कशा होतात, आणि कुठे वाढायचं, कुठे थांबायचं हे झाड कसं ठरवतं, हा माझा विषय. आमच्या भागात तूर गुडघ्याच्या वर आली की शेंडा खुडतात. मग बाजूने फांद्या फुटतात, शेंगा जास्त लागतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. खुडल्यावर त्या झोपलेल्या कळीच्या आत काय घडतं, ते मला बघायचं होतं.

"कळी झोपते कामून?" हरिओमने एकदा बांधावर बसून विचारलं.

"शेंडा खाली एक रस पाठवतो. तो येत राहतो तोवर कळीतल्या पेशी गप्प. शेंडा गेला, की त्यांना जाग येते. एकीच्या दोन, दोनाच्या चार... मग फांदी."

"म्हंजे शेंडा जळका हाय. सोता वाढणार, दुसऱ्याला वाढू देणार न्हाई."

"तसंच समज."

"माणसांत बी असतेत असे," तो माझ्याकडे बघून म्हणाला. कारण जरा आधीच मी त्याला विचारलं होतं, की फोनवर एवढी खळखळून कोण हसत होती. ती त्याची मावसबहीण निघाली होती.

पण तोही काही साधा नव्हता. प्रयोगशाळेतल्या समर्थचा फोन आला की हा दूर बघत ढेकळं फोडायचा.

"समर्थ सर रोजच फोन करतेत का?"

"शेजारी बसतो माझ्या."

"लगीन झालंय का त्यांचं?"

"नाही."

तो उठून विहिरीकडे निघून गेला. मी मात्र गुलबर्ग्यापर्यंत खिडकीत बसून एकटीच हसत होते.

रस्त्याकडच्या चार ओळी माझ्या होत्या. त्यांना लाल रिबिनी बांधल्या होत्या. बाकीची तूर खुडायची आणि या चार ओळींचा शेंडा राखायचा, म्हणजे जागी कळी आणि झोपलेली कळी शेजारी शेजारी तपासता येणार होत्या. "या ओळीला कुणी हात लावणार न्हाई," हरिओमने शब्द दिला होता. त्या चार ओळींवर माझं वर्ष उभं होतं.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी न कळवता पहिल्या बसने गेले. बांधाजवळ पांढरी गाडी उभी होती. आणि माझ्या ओळीत... पिस्ता रंगाची साडी नेसलेली एक मुलगी उभी होती. देखणी. अगदी नको तितकी देखणी. तिच्या हातात तुरीचा कोवळा शेंडा होता, आणि हरिओम तिला काहीतरी सांगत होता.

मी खाली बघितलं. चारही ओळी खुडलेल्या. शेंडे मातीत पडून मान टाकलेले.

खरं सांगते, त्या क्षणी मला आधी प्रयोग आठवला नाही. आधी ती साडी दिसली. मला ती मुलगी आवडली नाही, तिचं ते मान तिरकी करून ऐकणं आवडलं नाही. त्याने मलाही असंच सगळं सांगितलं होतं, याच बांधावर.

"पाहुण्यांच्या करमणुकीला माझ्याच ओळी सापडल्या का?" माझा आवाज चढला. "शब्द दिला होतास तू!"

"मॅडम, मी न्हाई... मला बी आत्ताच—"

"त्याला बोलू नको, बाई. मी खुडले." मागून राजूबाई आल्या, हरिओमची आई. त्यांच्या बोटांना अजून हिरवा रस होता. "पिंकीला घेऊन पाहुणे शेत बघायला येणार व्हते. रस्त्याकडचीच तूर न खुडलेली दिसली तर काय म्हणतील? आळशी लोकं हायत म्हणतील. म्हणून दिवस उगवायच्या आत खुडून टाकले."

म्हणजे मुलगी दाखवायचा कार्यक्रम. तोही माझ्या ओळींत. आणि तिचं नाव पिंकी! राजूबाईंवर मला धड रागावताही येईना. पाहुण्यांसमोर शेत नीट दिसावं म्हणून त्या अंधारात राबल्या होत्या. मी पेटी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं, कारण पिंकीसमोर मला रडायचं नव्हतं.

तेवढ्यात पिंकीचे वडील उद्धवराव शेताला चक्कर मारून आले. त्यांच्या कपाळाला आठी होती.

"हरिओम, विहिरीमागची पट्टी मोठी हाय की! तिचा एक बी शेंडा खुडला न्हाई. कामून?"

राजूबाई चमकल्या. "खुडलंय म्हणून सांगितलास की रे मला!"

हरिओमने मान खाली घातली. कानापर्यंत लाल झाला होता.

"ती पट्टी... ह्यांच्यासाठी ठेवलोय," तो म्हणाला. "ह्यांच्याच थैलीतलं उरलेलं बी, त्याच दिवशी पेरलो. या चार ओळीला ढोरं लागली, काही झालं, तर ह्यांचं वर्ष जाईल. म्हणून खुडलो न्हाई."

"आन् शेंगा कमी लागतील ते?" उद्धवरावांनी विचारलं.

"लागू द्या."

सगळ्यांत आधी कळलं ते पिंकीला. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पदर सावरत म्हणाली, "पप्पा, चला. उशीर हुईल." जाताना हातातला शेंडा तिने माझ्या पेटीवर ठेवला. "हे तुमचंच हाय," म्हणाली, आणि हसलीसुद्धा. इतकं छान वागायची काय गरज होती तिला? मी आणखीच जळले.

गाडी गेली. राजूबाई पुटपुटत घराकडे वळल्या, "आदी सांगायचं व्हतं की लेकरा... मी कशाला पाहुणे बोलवले असते."

विहिरीमागे तूर माझ्या कमरेला लागत होती. एकूण एक शेंडा शाबूत. मी एक कळी अलगद कापली, नळीत टाकली, नळी बर्फात ठेवली.

"तिला काय सांगत होतास एवढं?" मी विचारलं.

"हेच. शेंडा कामून राखायचा ते. मग खाली बघितलो तर शेंडेच न्हाईत."

"ते तू फक्त मला सांगायचं. दुसऱ्या कुणालाच नाही."

तो हसायला लागला. "म्हंजे तुमी बी जळता."

"व्हय. हुमनाबादपासून. रसवालीवरसुद्धा."

त्याचं हसू थांबलं. तो काहीतरी बोलणार... तोच माझा फोन वाजला. समर्थ. हरिओमचा चेहरा पडला आणि तो ढेकूळ शोधायला लागला.

"माझे हात ओले आहेत," मी फोन त्याच्यापुढे धरला. "तूच उचल. सांग, पल्लवीला उशीर होईल."

"कोण बोलायलंय म्हणून सांगू?"

मी दुसरी कळी कापली, सावकाश नळीत सोडली आणि वर न बघताच म्हणाले, "हुणारा नवरा म्हणून सांग."

तो फोन हातात धरून तसाच उभा राहिला. तोवर फोन वाजून वाजून बंद झाला होता.