कोऱ्हाळ्याचं स्थळ

ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर गोऱ्या तपासनिसानं दिपालीच्या पिशवीतली बरणी उघडली, नाकाजवळ नेली, आणि बिचाऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! खर्डा होता तो. दिपालीच्या आईनं, भागूबाईनं, हिरव्या मिरच्या तव्यावर रगडून दिलेला. तपासनीस खोकतोय, मागं रांग खोळंबलीय, आणि दिपालीला खर्ड्याला इंग्रजीत काय म्हणावं तेच सुचेना. बीएस्सी ॲग्री झाली म्हणून काय झालं, अशा वेळी भल्याभल्यांची बोबडी वळते.

तेवढ्यात मागून एकजण पुढं झाला, शांतपणे इंग्रजीत चार वाक्यं बोलला, आणि बरणी सुटली.

"लई तिखट केलाय जणू," तो मराठीत म्हणाला.

"ज्याला सोसत न्हाय त्यानं वास घ्यावाच कशाला?" म्हणत ती फणकाऱ्यानं वळली. उंच, सावळा, हसऱ्या डोळ्यांचा. पण तिला बघताच त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. असं का बरं? आपल्या तोंडाला काही लागलंय की काय, म्हणून तिनं हळूच पदरानं गाल पुसला.

साल सत्त्याण्णव. इंदापूरकडच्या द्राक्षबागायतदारांच्या संघानं पहिल्यांदाच हॉलंडला माल धाडला होता. रॉटरडॅमच्या बंदरात तो कसा उतरतो ते बघायला तीन माणसं निघाली. माल तपासणारी अंथुर्ण्याची दिपाली, संघाचे संचालक सावळाराम तात्या आणि बारामतीच्या शीतगृहाचा इंजिनीयर, जो दुसऱ्या विमानानं येणार होता. तो इंजिनीयर हाच, गाव विचारलं की नुसतं 'बारामतीकडचं' म्हणणारा. नागेश.

सकाळी बंदरातल्या थंडगार गोदामात काम चाले. दिपाली पेट्या उघडून घड तपासायची, आणि तिची बोटं पार बधिर व्हायची. दुसऱ्याच दिवशी नागेशनं आपले हातमोजे काढून तिच्यापुढं धरले.

"घाला. द्राक्षांपेक्षा तुमीच जास्त गार पडलाय."

"आन् तुमी?"

"माझी निम्मी नोकरीच शीतगृहात जाती. मला काय हुतंय?"

मोजे मोठे होते, आतून उबदार होते. दिपालीनं ते दिवसभर काढले नाहीत, आणि त्यानं परत मागितले नाहीत.

दुपारनंतर मोकळीक. मग ॲमस्टरडॅम! काचेच्या होडीत बसून पाण्यातून फिरायचं, दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटलेली उंच घरं, वरून भुरभुर पाऊस. तात्या टोपी गुडघ्यावर ठेवून गाढ झोपले होते.

"हा यांचा कालवा," नागेश म्हणाला. "आमच्या नीरा डाव्या कालव्याला न्हाय हो अशी मजा."

"तुमचा कसला? कालव्याच्या वरच्या अंगाची माणसं तुमी. सगळं पाणी पिऊन टाकता. आमच्या अंथुर्ण्यापर्यंत नुसती पाण्याच्या पाळीची बातमी पोचती!"

"मग... तुमीच या की वरच्या अंगाला."

बोलून गेला, आणि लगेच दुसरीकडं वळला! होडीच्या काचेवरचे थेंब बघत बसला. दिपालीचे कान मात्र तापले होते. ती वाट बघत राहिली, हा पुढं काही बोलेल... पण कुठलं काय!

असं हा गडी रोज करायचा. दोन पावलं पुढं यायचा नि चार पावलं मागं. दिपालीला याचा राग यायचा, कारण तिच्यापाशी वेळ नव्हता. निघताना तिच्या वडलांनी, सिद्धू आबांनी, सांगितलं होतं, "रविवारी फोन कर. अकलूजकरांस्नी त्याच दिवशी शब्द द्यायचाय." अकलूजचं स्थळ बरं होतं. आणि त्याआधी दिवाळीनंतर आलेलं कोऱ्हाळ्याचं स्थळ तिनंच मोडलं होतं, तेव्हा आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. कोऱ्हाळ्याचे पाच पाहुणे आले होते. पाटावर मान खाली घालून बसायची रीत, घरात मुलाचं नावही कुणी घेत नव्हतं. तिनं एकदाच डोळे वर केले, तर मधोमध एक भरघोस मिशांचा माणूस गुरकावत होता, "लग्नानंतर नोकरीबिकरी बंद बरं का!" दुसऱ्याच दिवशी दिपालीनं घरात सांगितलं, हा नको.

काम आटोपलं, आणि शनिवारी सहलीची बस ब्रुसेल्सला निघाली. वाटेत हिरव्यागार बांधावर मेंढरं दिसली, आणि दिपाली नि नागेश दोघंही एकदमच म्हणाले, "त्यातली येक लंगडतीया!" मग काय हसले दोघं! दोघांचेही आजे मेंढरांमागं रानोमाळ फिरलेले. घरात आता ऊस नि द्राक्षं आली, पण नजर थोडीच बदलते?

ब्रुसेल्सच्या चौकात शू करणाऱ्या पोराचा तो जगप्रसिद्ध पुतळा बघून तात्या म्हणाले, "एवढ्याशा पोराला बघाय एवढी गर्दी? आमच्या वाडीत या म्हणावं, सकाळी रांगंनं दावतो!" हसता हसता दिपालीचा तोल गेला आणि नागेशनं तिचा हात धरला. धरला तो क्षणभर सोडलाच नाही. मग सोडला, आणि पुन्हा चार पावलं मागं.

रविवारी पॅरिस. तात्या उंच मनोऱ्याखाली बाकावर बसले. "वर चढून काय करायचं? खाली परत यायचंच हाय." ही दोघं वर गेली. वारा भन्नाट, खाली नदी, पूल, राखी छपरं. दिपालीचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं मनाचा हिय्या केला.

"नागेशराव, माझं काय चुकलंय का? जवळ येता नि लांब पळता. आज मला आबांना फोन करायचाय. अकलूजला शब्द जाणार हाय."

त्यानं कठड्यावर दोन्ही हात टेकले.

"चुकलं कुणाचंच न्हाय. मला बघून तुमी एकदा न्हाय म्हणलाय. पुन्हा तोच प्रश्न कसा इचारू?"

"मी? कधी?"

"दिवाळीनंतर. तुमच्या ओसरीवर. कोऱ्हाळ्याचं स्थळ... ते मी."

दिपालीच्या पायाखालचा मनोराच हलला जणू. "तुमी? पर त्यो तर मिशीवाला हुता!"

"मिशीवाले? अवं, ते आमचे दाजी! बहिणीचे मालक. मी भिंतीकडंला होतो. नोकरीचं त्यांनी सोताच्या मनानं काढलं. मी तर तुमची नोकरी ऐकूनच हौसेनं आलो होतो."

आता रडावं की हसावं? दिपाली दोन्ही करत होती. नागेश घाबरून रुमाल शोधायला लागला.

"मग इचारा की आता!"

"आमच्या घरातनं न्हाय येणार पुन्हा कोणी. नकार आलेल्या दारात जात न्हाईत."

"बरं," ती डोळे पुसत म्हणाली. "मग चला खाली."

खाली रस्त्याकडेला फोनची काचेची खोली होती. तिकडं अंथुर्ण्यात संध्याकाळच्या दुधाची वेळ. गावातला फोन दूध केंद्रात, तेव्हा निम्मं गाव किटल्या घेऊन भोवती उभं असणार. असू दे!

"आबा, मी दिपाली. अकलूजला शब्द देऊ नगा. मला कोऱ्हाळ्याचं स्थळ पायजे."

 मग आबा दबक्या आवाजात म्हणाले, "आगं येडे, तूच मोडलंस न्हवं? आता कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्या दारात?"

"तुमी कुठं जाऊ नगा. म्या दाजीला बघून न्हाय म्हणलं हुतं, पोराला न्हवं. पोरगा हितं दारात उभा हाय. मीच इचारते."

आणि तिनं दार ढकललं. एका हातात फोन तसाच. नागेश समोर, केस वाऱ्यानं विस्कटलेले.

"नागेशराव," ती म्हणाली, आणि आवाज थरथरला तरी नजर या वेळी खाली गेली नाही. "मला तुमी आवडता. लई आवडता. माझ्याशी लगीन करता का?"

 त्यानं नुसती मान हलवली, पुन्हा हलवली.

"आगं, पावणं काय म्हणलं?" फोनमधून आबा ओरडले. "हितं समदी थांबल्यात!"

"मान हलवली त्यांनी, आबा!"

"मान हलवून भागत न्हाय. बोलाय सांग!"

नागेशनं फोन घेतला. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू. "रामराम आबा... व्हय. हजारदा व्हय."

तिकडून असा गलका उठला की त्यानं फोन कानापासून लांब धरला. दिपाली पदरात तोंड लपवून हसत होती. बाकावरून उठून आलेले तात्या विचारत होते, काय झालं, अगं झालं तरी काय!