आक्का, फाइल सोडा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलंय. आणि रात्री नाही... भर दुपारी, जनावरांच्या दवाखान्यात, लख्ख उजेडात.

मेव्हणा कॉम्प्युटरवाला. भुताखेतांचा विषय निघाला की खो खो हसणारा. त्या दिवशी तो दवाखान्यातलं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं टाकत होता. सगळं झालं, फक्त जुन्या नोंदींची फाइल नव्यात येईना.

स्क्रीनवर एकच ओळ...

'फाइल वापरात आहे. वापरणारा : खिडकी.'



तिथे प्रत्येक कॉम्प्युटरला टेबलाच्या जागेचं नाव होतं. 'खिडकी' म्हणजे आक्कांचा. आक्कांनी जन्मभर त्या दवाखान्यात नोंदी ठेवल्या. ती फाइल एका वेळी एकानंच उघडायची, नाहीतर बिघडायची. म्हणून डॉक्टर आतून ओरडायचे, "आक्का, सोडा!" आणि खिडकीजवळून उत्तर यायचं, "सोडली!"

आक्का जाऊन वर्ष झालं होतं.

त्यांचा कॉम्प्युटर मेव्हण्यानंच भंगारात दिला होता.

"जुनं काहीतरी अडकून राहिलं असेल," तो स्वतःशीच पुटपुटला. मशीन बंद करून सुरू केलं. नेटवर्कची वायरसुद्धा उपटली.

ओळ परत आली...

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. माझी बहीण होती. तिच्या हातांत पैलवान, त्यांचा म्हातारा कुत्रा, पोट टम्म फुगलेलं.

"अहो, हा उठतच नाहीये!"

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "पीळ पडलाय. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल." मग ते थबकले. "मागच्या वेळी गुंगीच्या औषधानं याचं हृदय बंद पडत आलं होतं, नाही का रे?"

"हो. कोणतं औषध होतं?"

"दोनच आहेत माझ्याकडे. त्यातलं कोणतं, तेच आठवत नाही. आक्कांनी लिहून ठेवलंय."

 पैलवानाला मेव्हण्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. त्याचा जीव आता त्या फाइलीत अडकला होता.

आणि पैलवानानं मान उचलली.

एरवी दवाखान्याच्या पायरीवरच शेपूट पायांत घालणारा कुत्रा. त्यानं खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं... आणि शेपूट हलवली.



डॉक्टर त्या खुर्चीकडे वळले. पूर्वीसारखीच हाक मारली.

"आक्का... सोडा!"

उत्तर आलं नाही. पंख्याची घरघर तेवढी.

पण फाइल उघडली.

पैलवानाची नोंद अगदी आक्कांच्या थाटात होती : 'महालबाड. बिस्किटाशिवाय सुई टोचू देत नाही. पांढऱ्या बाटलीतलं औषध याला पुन्हा देऊ नये.'

डॉक्टरांनी दुसरी बाटली उचलली. पैलवान वाचला.

संध्याकाळी सगळ्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर मेव्हणा जुनी फाइल पुसायला गेला.

'फाइल वापरात आहे. वापरणारा : खिडकी.'

ती अजून तशीच आहे. डॉक्टर म्हणतात, "राहू दे रे, तुझं काय खातेय?" बहीण म्हणते, "एक हाक मारा की, सुटेल."

मेव्हणा तिच्याकडे बघतो. "आणि त्या 'सोडली' म्हणाल्या तर?"

परवा तो पैलवानाला टाके काढायला घेऊन गेला. कुत्रा साखळी ओढत थेट खिडकीपाशी गेला. रिकाम्या खुर्चीसमोर मान वर करून बसला.

आणि त्याचा जबडा हलायला लागला...

मेव्हण्यानं जवळ जाऊन खाली पाहिलं. फरशीवर बिस्किटाचा ताजा चुरा पडला होता.

आक्का गेल्यापासून त्या दवाखान्यात कोणी बिस्किटं आणलेली नाहीत.