घोसातली एक चिंच

आर्नचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात दोन वर्षांहून अधिक काळ पडून होतं. पत्र लहान होतं. सुतारकामाच्या पेन्सिलीने लिहिलेलं, अक्षर ठळक आणि सरळ. प्रकृतीची चौकशी, हवामान, कुत्र्याची खुशाली आणि शेवटी एकच प्रश्न : "त्या सकाळी हरिणी समोर उभी होती, तेव्हा तुम्ही संग्रामच्या कानात तुमच्या भाषेत काय बोललात?"

जन्मभर ग्रंथालयात इतरांची पुस्तकं सांभाळलेल्या माणसाला एवढ्या प्रश्नाचं उत्तर लिहिता येऊ नये! पण मला येईना. चार ओळी लिहायचो, वाचायचो, आणि हे आर्नना कसं कळणार असं म्हणून कागद फाडायचो. शेवटी मला वाटलं, आधी सगळी हकिकत नीट आठवून काढावी, उत्तर त्यातूनच सापडेल.

२००५ सालचा ऑक्टोबर होता. मी ईडन प्रेरीला मुलाकडे, केदारकडे, राहायला आलो होतो. केदारचा मित्र संग्राम हा कोल्हापूरचा. दिवसभर कंपनीत कोड लिहायचा आणि संध्याकाळी धनुष्यबाण चालवायचा. चाकं आणि दुर्बिणी लावलेलं आधुनिक धनुष्य नव्हे, तर साधं जुन्या पद्धतीचं, एका लाकडाचं. ते त्याला शिकवलं आर्न हाल्वर्सन यांनी. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. धनुष्यं स्वतः तासून करायचे.

दर शरद ऋतूत आर्न उत्तरेला, कॅनडाच्या सीमेलगतच्या तळ्यांच्या जंगलात हरणाच्या शिकारीला जात. त्या वर्षी सोबत संग्राम आणि केदार जाणार होते. पण ऐनवेळी केदारच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं रिलीज आलं आणि त्याचं जाणं कॅन्सल झालं. होडीतून सामान वाहायला तिसरा माणूस हवा होता. "काका, तुम्ही चला ना यार," असं संग्राम म्हणाला, आणि मी हो म्हणून गेलो. का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. मी शाकाहारी, पोहायला न येणारा, पुस्तकी माणूस. सूनबाई निधीने चिवडा, लाडू आणि दोन स्वेटर भरून दिले आणि केदारला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

संग्रामसाठी मात्र ही सहल नव्हती. आदल्या वर्षी त्याने एका हरिणीला बाण मारला होता. बाण पोटात, मागच्या बाजूला लागला. ती पळाली. ते दोघं संध्याकाळपर्यंत आणि दुसरा सगळा दिवस शोधत राहिले, ती सापडली नाही. तेव्हापासून तो नीट झोपत नसे, हे मला केदारने सांगितलं होतं. गाडीत त्याने स्वतःच मला सांगितलं, "या वेळी नीट जमलं नाही तर धनुष्य आर्नना परत देऊन टाकणार. जनावराला अर्धवट मारायचा मला हक्क नाही, काका."

शेवटच्या गावापुढे रस्ता संपला. मग कनू, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती होणारी हलकी होडी. एक तळं ओलांडायचं, होडी डोक्यावर घेऊन झाडीतून चालायचं, की पुढे दुसरं तळं. बर्चची पानं पिवळीधमक होऊन पाण्यावर पडली होती आणि वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर ती बाजूला सरून पुन्हा मागे एकत्र येत होती. इतकी शांतता मी फक्त परीक्षेच्या दिवसांत वाचनालयात अनुभवली होती.

तळ पडला. पहाटे उठून पाहतो तर आर्न चहाच्याही आधी धनुष्य घेऊन उभे. पंधरा पावलांवर कुजक्या बुंध्यात एक पान खोचलेलं. एक बाण मारला, धनुष्य ठेवलं आणि चहा मागितला.

संग्रामने मला समजावलं, की हा त्यांचा नेम आहे. सकाळचा एकच बाण, हात गार असताना. कारण जनावर समोर येतं तेव्हा आधी वीस बाण मारून हात गरम करायला कोणी थांबत नाही. त्या दिवसाचा नेम म्हणजे तो पहिला बाण. बाकीचे नियमही असेच सोपे होते. पंधरा पावलांपलीकडे बाण सोडायचा नाही. दोरी तोंडाच्या कोपऱ्याला टेकल्याशिवाय सोडायची नाही. जनावर आडवं उभं असेल तरच. आणि सगळ्यात मोठा नियम : हरिण बघायचंच नाही, त्याच्या पुढच्या पायामागची घडी बघायची, तिथला एक केस.

"एक केस निवडा," असं आर्न दिवसातून दहा वेळा म्हणत.

संग्रामचा बाण पानावर अचूक बसायचा. एकदा देठ तोडला त्याने. आर्न मान हलवत आणि म्हणत, पान उलटून बघत नाही तुझ्याकडे.

दुसऱ्याच दिवशी ते खरं ठरलं. आम्ही तिघं एका आडव्या पडलेल्या देवदारामागे बसलो होतो. झाडीतून एक नर आला. काय शिंगं होती! मला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. तो आला, थांबला, आडवा झाला. संग्राम उठला. दोरी अर्धीच ओढली गेली. बाण सुटला! तो पाठीवरून दोन वीत वर गेला आणि मागच्या खोडात खट्‌कन रुतला. शेपटीचा पांढरा झेंडा एकदा दिसला आणि जंगल पुन्हा रिकामं.

आर्न उठले. जाऊन बाण काढून आणला, पातं बोटाने चाचपलं आणि भात्यात ठेवला. संग्राम मात्र शेकोटीशी बसून सारखं एकच सांगत होता, की मला केस दिसलाच नाही, शिंगं दिसली, सगळं हरिण एकदम दिसलं.

तेव्हा मला काहीतरी आठवलं होतं. पण मी बोललो नाही. आयुष्यात हातात धनुष्य न धरलेल्या माणसाने काय सांगायचं?

पलीकडच्या काठावर एक टेकाड आहे, आर्नचे भाऊ हयात असताना दोघं तिथे जायचे, असं आर्न म्हणाले. सकाळी आम्ही तळ उठवून होडी पाण्यात लोटली. मध्यावर आलो आणि वारा फिरला.

तळं एका क्षणात काळं झालं. लाट आली. दुसरी आली. आर्न मागून ओरडले, "गुडघ्यांवर बसा!" मी बसलो. तिसरी लाट थेट आत! पाणी इतकं गार होतं की ते भाजल्यासारखं लागलं. संग्राम वेड्यासारखा वल्हवत होता. खडक दिसला, होडी त्यावर आडवी आदळली आणि कलंडली. माझ्या अंगात फुगवलेलं जाकीट होतं म्हणून ही हकिकत सांगायला मी उरलो. कोणीतरी माझी कॉलर धरली. पाय तळाला लागले. पाणी छातीपर्यंत होतं!

काठावर आल्यावर हिशेब झाला. होडी शाबूत. तंबू ओला. शिध्याची मोठी पिशवी गेली. संग्रामचं धनुष्य गेलं. आर्नचं धनुष्य होडीला बांधलेलं होतं म्हणून वाचलं, पण माझी कॉलर धरून मला ओढताना आर्नचा उजवा खांदा निखळल्यासारखा झाला होता. त्यांना हात वर करता येईना.

मी माफी मागू लागलो. आर्न म्हणाले, "प्रोफेसर, धनुष्यं मी पुष्कळ केली. तुम्ही एकच आहात." मी प्रोफेसर नाही, ग्रंथपाल होतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं होतं.

वारा दुसऱ्या दिवशीही थांबेना. परत जायला तेच तळं ओलांडायचं होतं, म्हणून आम्ही काठावर अडकून पडलो. निधीच्या डब्यातला चिवडा आता तिघांत मुठीने वाटला जात होता. आर्ननी डाव्या हाताने आपलं धनुष्य संग्रामपुढे धरलं. संग्राम घेईना. म्हणाला, माझ्याच्याने होणार नाही, मी पुन्हा एखादीला जखमी करून सोडीन. आर्न म्हणाले, घाई करू नकोस, भुकेला माणूस लवकर बाण सोडतो. मग ते खांदा धरून झोपले.

आम्ही दोघंच शेकोटीशी उरलो. तेव्हा मी बोललो, तेही आगीकडे बघत.

आमच्या संगमनेरच्या शाळेमागे चिंचेची झाडं होती. मधल्या सुट्टीत सगळे दगड मारायचे. माझा दगड कधीच लागला नाही, मी खाली पडलेल्या वेचायचो. पण बाळ नावाचा एक मुलगा होता, त्याचा दगड चुकत नसे. त्याला मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "तू घोसाकडे बघतोस. घोस मोठा दिसतो, म्हणून सोपा वाटतो. पण दगड घोसाला लागत नसतो, चिंचेला लागतो. एक चिंच धर. ती वाकडी आहे का, टरफल कुठे फुटलंय, ते बघ. मग मार."

संग्रामने शेकोटीत एक काटकी सरकवली. मग म्हणाला, "आणि तशी दिसलीच नाही तर?"

"मग बाळ दगड मारायचाच नाही. हातातला दगड घेऊन दुसरीकडे जाऊन उभा राहायचा."

संग्राम हसला. त्या सहलीत पहिल्यांदाच. "काका, हे तुम्ही परवा का नाही सांगितलंत?"



सकाळी त्याने आर्नचं धनुष्य घेतलं आणि एक बाण पानावर मारला. लागला. दुसरा मारला नाही. आभाळ शिशासारखं झालं होतं, बर्फ येणार हे मलासुद्धा कळत होतं. टेकाडाच्या उतारावर आम्ही तिघं बसलो, आर्न हात गळ्यात बांधून.

हरिणी आली. एकटी, खाली मान घालून पाला चाळत. बारा पावलांवर थांबली. संग्रामने दोरी ओढली, तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत, पूर्ण. मला दिसलं, त्याचे डोळे तिच्या सगळ्या अंगावरून फिरत होते. मी त्याच्या कानाशी होतो. ओठ हलले न हलले इतकंच मी म्हणालो,

"घोस नको. चिंच."

त्याने दोरी हळूहळू सैल केली. बाण सोडलाच नाही! हरिणीच्या घडीवर एक डहाळी आडवी आली होती. ती मला दिसलीच नव्हती. आर्नचा चांगला हात माझ्या गुडघ्यावर घट्ट बसला.

हरिणीने मान वर केली. कान फिरवले. एक पाऊल टाकलं. डहाळी मागे राहिली.

पुन्हा दोरी. पूर्ण. हात स्थिर. संग्राम आता कुठे बघत होता ते मला नेमकं माहीत होतं. बाण सुटला. आवाजही असा आला नाही. हरिणी उसळली, उतारावरून चार उड्या आणि झाडीत दिसेनाशी झाली.

आणि बर्फ सुरू झालं!

जखमी जनावराच्या मागे लगेच धावायचं नाही, त्याला निवांत पडू द्यायचं असतं. पण बर्फ माग पुसून टाकत होतं. संग्रामचा चेहरा पांढरा पडला होता, मागच्या वर्षीचाच दिवस पुन्हा उगवला होता. आर्ननी पलीकडे पडलेला बाण उचलला. तो पूर्ण लाल होता आणि रक्तात बारीक बुडबुडे होते. म्हणजे बाण फुप्फुसातून आरपार गेला होता. "चला," ते म्हणाले.

एका पानावर थेंब. मग दुसऱ्यावर. मग सगळंच पांढरं. मी जिथे शेवटचा थेंब होता तिथे उभा राहिलो, ती जागा सुटू नये म्हणून. एवढं काम मला जमण्यासारखं होतं. संग्राम पुढे गेला, वाकला, परत आला, डावीकडे वळला. मग त्याचा आवाज आला. हाक नव्हती ती, नुसता सुटलेला श्वास.

ती एका देवदाराखाली पडली होती, आम्ही बसलो होतो तिथून हाकेच्या अंतरावर. आर्न म्हणाले, बाण लागला हे कळायच्या आधी संपलं असेल. संग्राम गुडघ्यांवर बसला, तिच्या मानेला हात लावून तोच हात कपाळाला लावला, पुस्तकाला चुकून पाय लागल्यावर आपण लावतो तसा.

त्या दिवशी दोघांनी पोटभर खाल्लं. मी ओले झालेले शेवटचे लाडू खाल्ले आणि त्यांचं भांडं ढवळून दिलं. वारा पडला. परतताना तळं काचेसारखं होतं. गाडीत आर्ननी धनुष्य परत घेतलं नाही. खांदा आता असाच राहणार, आणि घरी भिंतीवर जागा नाही, असं काहीतरी पुटपुटले.

यंदा, २००८ साली, मी प्लेनोला मुलीकडे, अदितीकडे, आलो. आर्नचं पत्र पुस्तकात ठेवून सोबत आणलं होतं. परवा तिच्याबरोबर इंडियन स्टोअरमध्ये गेलो, तर दाराशी खोक्यात टरफलासकट चिंचा! मी तिथेच थांबलो. अदिती म्हणाली, "बाबा, कोळ आहे घरी." मी म्हटलं, एकच हवीये. ती हसली. दुकानदाराने तिचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

घरी आल्यावर संग्रामला फोन केला. आर्न बरे आहेत, त्याने सांगितलं. खांदा दुखतो, पण हलकं धनुष्य करून घेतलंय, चहाआधीचा बाण चुकत नाही. मग मी टेबलाशी बसलो आणि या वेळी कागद फाडला नाही. लिहिलं : "प्रिय आर्न, सोबतची वस्तू खूप उंच झाडावर, घोसाने लागते. मी हिचंच नाव घेतलं होतं. पान काढून ही बुंध्यात खोचा, आणि टरफल कुठे फुटलंय ते आधी बघा. उशिराबद्दल क्षमा करा. मला ती दिसायला वेळ लागला. तुमचा, त्र्यंबक."

पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईंनी पाकीट चाचपलं आणि आत नाजूक काही आहे का, असं विचारलं. नाही म्हटलं. त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं. ते इतर पाकिटांमध्ये दिसेनासं होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.