सातव्या घराचा शिक्का

 दुलई पांघरलेल्या उबदार बैठ्या मेजाखाली पाय खुपसून तिघं बसली होती, तरी चिगुसाची बोटं गार पडली होती. खिडकीबाहेर उत्तर जपानातल्या आकिताचं आभाळ तीन दिवस न थांबता बर्फ ढाळत होतं. मेजावर सूचनेचा कागद लावलेली फिरती पाटी पडली होती. वाडीतल्या सात घरांतून हिंडायचं, प्रत्येकाने सूचना वाचून आपल्या चौकोनात शिक्का उमटवायचा आणि पाटी पुढच्या घरी द्यायची; सातव्या घरून, टेकडीवर एकट्या राहणाऱ्या तोमेआजीकडून, ती पुन्हा चिगुसाकडे यायची, असा तिचा शिरस्ता होता.

"नक्की ना? हा तोमेआजीचा शिक्का नाही?" शेजारच्या इत्सुकीने सातव्या चौकोनाकडे पाहत विचारलं.

"नाही म्हणजे नाही! तिच्या नवऱ्याने, आजोबांनी, स्वतः कोरलेला तो. लांबट आणि जरासा तिरका. दर वेळी मी पाटी आणायला वर जाते, तेव्हा ती माझ्याच हातून उमटवून घेते. हा बघ, चक्क गोल! आणि डावीकडे टवका उडालेला."

"अगं, सातही घरांचं आडनाव कुदो! शिक्क्यावर नाव तेच. कुणाचाही कुणाला चालेल!" इत्सुकी हसला. पण ते हसू अर्ध्यावरच गोठलं, कारण त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीने, कोनात्सूने, सहाव्या चौकोनावर बोट ठेवलं होतं.

"दादा, ह्याचा पण टवका उडालाय."

सहावं घर शिगेझोकाकांचं. यंदाचे वाडीप्रमुख तेच. आज दुपारी पाटी त्यांनी स्वतःच चिगुसाला आणून दिली होती. "तुझी चढण वाचवली बघ!" असं वर म्हणालेही होते. दोन्ही चौकोनांत कालची तारीख होती. आणि शिक्क्यांच्या वर छापलेली सूचना होती: छपरावरचा बर्फ घसरतो आहे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करा.

चिगुसाने तोमेआजीला फोन लावला. वीस वेळा घंटी वाजली. त्या रिकाम्या घंटीत तिला सगळी टेकडी ऐकू आली.

चिगुसाची आई दूरच्या वृद्धाश्रमात कामावर होती, बाबा मार्चपर्यंत तोक्योला. टेकडीची वाट छातीभर बर्फाखाली होती आणि बर्फ उडवणारं यंत्र वाडीत एकच, शिगेझोकाकांचं. तिघं त्यांच्या घराकडे धावली.

"तोमेआजी? ठणठणीत आहे की!" काका अंगणातूनच ओरडले. "काल माझ्यासमोर शिक्का मारला तिने. चहा घे म्हणत होती."

"मग फोन का उचलत नाही?" चिगुसाने विचारलं.

"कानाने अधू झालीय बिचारी. जा, सुट्टी आहे ना? बर्फाचा माणूस करा!"

 इत्सुकीने एकदम वाकून नमस्कार केला. "काका, कोनात्सूला सुट्टीच्या अभ्यासात वाडीतल्या शिक्क्यांचे ठसे जमवायचेत. पहिला मान प्रमुखांचा!"

"असं होय?" काका फुलले. खिशातून शिक्का काढून त्यांनी वहीवर ऐटीत दाबला. चिगुसाने पाटी शेजारी धरली. तीन लाल वर्तुळं, आणि तिन्हींचा टवका एकाच जागी!

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "बर्फ फार होता गं... मला वाटलं, एक खेप चुकवली तर काय होतंय..."

"यंत्र चालू करा ना, काका!" कोनात्सू रडवेली होऊन किंचाळली.

यंत्र बर्फाची भिंत कापत निघालं. वाडीच्या भोंग्यावर रोजची सायंकाळची धून वाजली तेव्हा ते जेमतेम अर्ध्यावर होते, आणि उजेड कापसातल्या पाण्यासारखा जिरत चालला होता. वर पोचले तर दार उघडंच. चूल गार. ताटलीतला भात वाळून खडखडीत झालेला.

"आजीऽऽ!" चिगुसा हाका मारत घरभर फिरली, पण आजी कुठेच नव्हती.

"शेजारच्या गावी गेली असेल," काका पुटपुटले.

"बूट न घालता?" इत्सुकी म्हणाला. आजीचे बाहेरचे बूट उंबऱ्यात जोडीने उभे होते. तिच्या सपाता मात्र नव्हत्या.

सपातांवर ती जाणार कुठवर? चिगुसा घरामागे धावली. तिथे लोणच्यासाठी मुळे धुरावर सुकवायची फळ्यांची झोपडी असायची. आता तिथे झोपडी नव्हतीच! घराच्या छपरावरून कोसळलेला पांढरा डोंगर तेवढा होता. आणि त्या डोंगराच्या माथ्यावर, एवढ्याशा भोकाभोवती, बर्फाला पिवळट तपकिरी डाग पडला होता.

"धूर!" ती ओरडली. "इथून धूर निघत होता! खणा!"

फावड्यांनी, पातेल्याने, हातांनी ते खणत सुटले. कोनात्सूचे हातमोजे भिजून चिंब झाले, तरी ती हटेना. काकांच्या फावड्याने फळी फोडली. आतून राखेचा गार वास आला. दोऱ्यांना टांगलेल्या मुळ्यांखाली एक धुराने काळवंडलेला, छोटासा देह मुटकुळं करून पडला होता.

"आजी!"

हालचाल नाही. चिगुसाने आपला गाल तिच्या ओठांपाशी नेला. एक क्षण... दोन... मग गालाला अगदी पुसट ऊब लागली.

"आहे! आहे रे!"

रुग्णवाहिका चाळीस मिनिटांनी आली. तोवर सगळी वाडी दुलया, गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन वर लोटली होती. "शाब्बास पोरांनो!" सोबत आलेले डॉक्टर म्हणाले. "आणखी एक रात्र तिने काढली नसती." म्हाताऱ्या माणसांनी तिघांपुढे कमरेत वाकून आभार मानले. कोनात्सूला काय करावं कळेना, म्हणून तीही उलट वाकत राहिली.

स्ट्रेचरवर तोमेआजीने डोळे उघडले. "दोन रात्री मुळे चघळले," ती चिगुसाला म्हणाली. "लाकडं संपली, पण घाबरले नाही हो. पहिल्या रात्रीच म्हटलं, उद्या पाटीचा दिवस. उद्या माणूस येणारच."

मग तिची नजर गर्दीच्या कडेला गेली.

"शिगेझो, काल मी दिवसभर फळी ठोकत होते रे. वाटेत कुठे अडकलास?"

सगळे वळून पाहू लागले. काकांनी टोपी काढली, हातात चुरगळली. "हा शिक्का आता माझ्या हातात नको," ते चिगुसाला म्हणाले. मग तो तिच्या हातात ठेवून, स्वतःच खोदलेल्या वाटेने, ते एकटेच खाली उतरून गेले.