कामिनीच्या कुंपणापर्यंत

रोपं तेहतीस होती, खड्डेही तेहतीस, दोन खड्ड्यांत अंतर तीस सेंटिमीटर. शेणखताच्या गोण्या चार. मतं तीन, कारण घरात माणसं तीन.

लक्ष्मीबाई नगरातलं दुसऱ्या मजल्यावरचं सरकारी क्वार्टर पाडायला घेतलं, तेव्हा रेवतीच्या बाबांना, गुणवंतरावांना, आर. के. पुरममध्ये तळमजला मिळाला. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा दारापुढे माती आली, आणि मातीबरोबर भांडणं. बाबांना मेंदीचं कुंपण हवं होतं, कारण ऑफिसच्या आवारात मेंदीच होती. रेवती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, तिने करवंद सुचवलं, पाणी कमी लागतं आणि काटे असतात म्हणून. आईला, अलकाताईंना, कामिनी हवी होती, वासासाठी. जानेवारीत ज्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांच्याशी वाद कोण घालणार? कामिनी आली.

मग जागेवरून वाजलं. मुरलीधर माळ्याने कुदळ घातली तर एका सरळ रेषेत माती लोण्यासारखी मऊ लागली.

"यहाँ पहले भी बाड़ थी," तो म्हणाला. "पुराने साहब जाते-जाते उखड़वा गए."

"स्वतःच्या खर्चाने लावली असेल, घेऊन गेला," बाबा म्हणाले.

"ले कहाँ गए साहब. यहीं जलवा दी."

रेवतीचं म्हणणं होतं, की उखडलेल्या कुंपणाच्या मुळांत काहीतरी रोग असणार. रेषा अर्धा मीटर आत घेऊ या. बाबांनी साफ नकार दिला. "सरकारी क्वार्टर आहे. आधीच्या अलॉटीची लाइन सोडायची नाही. उद्या कुणी ऑब्जेक्शन घेतलं तर उत्तर तू देणारेस?"

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी कामिनी जुन्या रेषेवर लागली. पायरीच्या कडेपासून कुंपण बरोबर पाच मीटर.

फिजिओथेरपिस्टने आईला रोज सकाळी वॉकर घेऊन तेवढंच चालायला सांगितलं होतं, कुंपणापर्यंत आणि परत. त्यात रेवतीचंही काम अडकलं होतं. बंगलोरला पीएच.डी.ची जागा मिळाली होती, एक एप्रिलला हजर व्हायचं होतं, आणि आई एकटी चालू लागेपर्यंत ती निघू शकत नव्हती. आई पावलं मोठ्याने मोजायची. जाताना चौदा, येताना चौदा.

तिसऱ्या आठवड्यात आकडा बदलला. जाताना बारा, येताना सोळा.

"बघ, पाय सुटला माझा," आई खूश होती.

"येताना सोळा का?"

"दमते गं येताना. हात धुऊन काय मागे लागलीस?"

रेवतीने टेप आणली. पायरीवर शून्य धरून कुंपणापर्यंत चार मीटर एकोणतीस. कुंपणाशी शून्य धरून पायरीपर्यंत पाच मीटर एकाहत्तर. तिने बाबांना दुसरं टोक धरायला लावलं. तेच.

"टेप धड धर यार," बाबा वैतागले. "एम.एस्सी. करून सरळ रेघ मोजता येत नाही?"

"मग तुम्ही मोजा."

बाबांनी मोजलं, टेप गुंडाळली आणि टेप चायनीज आहे असं सांगून ते ऑफिसला गेले. रेवतीने मार्केटमधून तीस मीटरची चांगली टेप आणली. आकडे तेच आले. शेवटी तिने शिवणाचा दोरा घेतला. एक पायरीला बांधून कुंपणापर्यंत ताणला आणि कापला. दुसरा कुंपणाला बांधून पायरीपर्यंत ताणला आणि कापला. दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. एक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दीड मीटर लांब होता. संध्याकाळी ते दोरे पाहून बाबा म्हणाले, "आईला सांगू नकोस."

कुंपण जागचं हललं नव्हतं. रस्त्याच्या कडेपासून ते जिथे होतं तिथेच होतं.

मार्चच्या मध्यावर जाताना सात, येताना एकवीस. बेरीज रोज अठ्ठावीस. रेवतीला त्या बेरजेचाच सगळ्यात जास्त राग यायचा. चूक असती तर ती अशी नेमकी नसती. कामिनीला कळ्या आल्या होत्या, आणि मार्चमध्ये कामिनीला कळ्या येत नाहीत.

"आई, आपण मागच्या अंगणात चालू या," ती एका सकाळी म्हणाली.

"मागे फरशी फुटलीय. आणि इथे वास येतो छान."

"पण तू दमतेस."

"मी दमत नाही." आईने वॉकर आपटला. "तुला बंगलोरला जायचं जिवावर आलंय, म्हणून माझा पाय धरून बसलीयेस. मी ठणठणीत चालून दाखवते, मग बघू काय सबब काढतेस."

रेवतीने मुरलीधरला फोन केला. तो म्हणाला, रविवारी येऊन उपटून देईन.

शनिवारी सकाळी पावणेआठला कामिनी फुलली. वास स्वयंपाकघरापर्यंत आला म्हणून रेवती बाहेर धावली. वॉकर पायरीला टेकवलेला होता. आई कुंपणाशी उभी होती, फुलांत नाक खुपसून.

"एका पावलात आले गं," आई मागे वळून म्हणाली. "वॉकरसुद्धा नाही. झालं समाधान? कर तिकीट बुक."

"आई, तिथेच थांब."

"थांबू कशाला? आलेच."

आईने पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. रेवती मोजत होती. सत्तावीस झाली. अठ्ठावीस झाली.

एकोणतीस.

आईचा चेहरा जेवढा होता तेवढाच दिसत होता.

बाबा मागोमाग आले. त्यांनी खाली उतरायला पाय उचलला, आणि रेवतीने त्यांचा दंड धरला. "उतरायचं नाही. जायला एकच पाऊल लागेल. यायचं कसं?"

बाबांनी पाय मागे घेतला. मग ते मागच्या दाराने मुरलीधरला आणायला पळाले.

रेवतीने आतून तीस मीटरची टेप आणून तिचं टोक आईकडे टाकलं. ते लगेच पोचलं. आईने हात पुढे करून धरलं. टेपवर छत्तीस सेंटिमीटर.

"हे घट्ट धर. सोडू नकोस. आणि चाल माझ्याकडे."

"चालतेच आहे की. किती राहिली?"

"थोडी."

आई चालू लागली, रेवतीकडे तोंड करून, व्यवस्थित, टाच आधी टेकवत, शिकवल्यासारखी. टेपची डबी रेवतीच्या हातात होती. आईच्या प्रत्येक पावलागणिक टेप डबीतून बाहेर जात होती.

"आता किती राहिली?"

रेवतीने डबीच्या तोंडाशी टेपवरचा आकडा पाहिला. साडेआठ वाजले होते. एकोणतीस मीटर ऐंशी सेंटिमीटर.