नऊ नंबरचा रोल

साहेबाने सांगितलं म्हणून नासिर मिस्त्री वणीच्या बसस्टँडवर गेला. नागपूरच्या गाडीने मशीन मोजणारा लेजरवाला येणार होता. त्याला कारखान्यावर आणायचं, एवढंच काम. मे महिना होता. सकाळी नऊलाच डांबर चपलेला चिकटत होतं. गाडी आली, माणसं उतरली, आणि सगळ्यांत शेवटी दोन काळ्या पेट्या सांभाळत एक मुलगी उतरली.

"कारखान्याचे तुम्हीच का? मी अनघा."

नासिरने तिच्या मागे पाहिलं. "लेजरवाला कुठं हाय?"

"मीच."

नासिरने पेटीला हात घातला.

"चाचा, ती राहू द्या. तिला धक्का चालत नाही."

"धक्का मलेबी चालत नाही," नासिर म्हणाला. "पण मले कोणी इचारत नाही."

ती हसली. तो हसला नाही.

कारखाना राजूरच्या अलीकडे. जुन्या रद्दीचा लगदा करायचा आणि त्याचा खाकी कागद काढायचा. मशीन शंभर हात लांब. तिच्यात ओळीने चोवीस रोल, एकेक माणसाच्या अंगाएवढा जाड. ओला कागद या रोलवरून त्या रोलवर जात जात वाळतो. सगळे रोल एकमेकांना समांतर पाहिजेत. एखादा जरा तिरपा बसला की कागद एका अंगाला ओढला जातो आणि फाटतो. फाटला की माणसाने त्याचं टोक हातात धरून पुढच्या रोलवर द्यायचं. मशीन थांबत नाही.

नऊ नंबरवर कागद फार फाटायचा. तीन वर्षांपूर्वी तिथे टोक देताना नासिरचा जोडीदार हरिसिंग रोलमध्ये ओढला गेला.

हे रोल तीस वर्षं नासिरनेच लावले होते. शिक्षण चौथी. हत्यारं तीन: दोरी, ओळंबा आणि काटकोनाचा गुण्या. मशीनच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणायची आणि तिला गुण्या लावून रोल सरळ करायचा. एवढी लांब दोरी मधे झोळ खाते, म्हणून चौथ्या खांबाला एक लोखंडी खुंटी होती. दोरी तिच्यावर टेकवायची. ती खुंटी नासिरच्या उस्तादाने ठोकलेली. दोरीच्या एका टोकाला नासिर असायचा, दुसऱ्या टोकाला हरिसिंग. बारा वर्षं.

हरिसिंग गेला तेव्हा चौकशी झाली. साहेबाने विचारलं, "मिस्त्री, रोल बरोबर होता का?" नासिर म्हणाला, "होता. माझ्या दोरीत खोट नाही." त्याने सही केली. मग कागदावर लिहिलं गेलं, कामगाराचा निष्काळजीपणा. लोकांनी त्यात पदरचं घातलं. पिऊन होता म्हणाले. हरिसिंग माळकरी नव्हता, पण ड्यूटीवर थेंब घेत नव्हता. नासिरला हे ठाऊक होतं. तरी तो गप्प राहिला.

हरिसिंगची बायको सत्यशीला आता कारखान्याच्याच शेडमध्ये रद्दी निवडायला बसते. तीन वर्षांत ती नासिरशी एक शब्द बोलली नव्हती. नासिरही त्या शेडवरून जात नव्हता. लांबून, कोळशाच्या ढिगाला वळसा घालून जायचा.

अनघाने आल्याआल्या सगळं बंद करायला लावलं. वाफ आदल्या दिवसापासून बंदच होती. पंखे बंद. दारं बंद. खिडक्यांवर ताडपत्री. माणसं बाहेर.

"गरम हवा हलली की किरण वाकतो, चाचा. आत आपण दोघंच राहू. मी सांगेन तेव्हाच चालायचं."

दुपारी एक वाजता त्या हॉलमध्ये विहिरीच्या तळासारखा अंधार झाला. ओल्या पुठ्ठ्याचा आंबूस वास खाली बसला. वर पत्रे उन्हाने तडतडत होते. बाकी आवाज नाही. तीस वर्षांत नासिरने त्या जागी एवढी शांतता ऐकली नव्हती. तिथे माणूस माणसाच्या कानात ओरडून बोलायचा.

तिपाईवरून लाल किरण सुटला. रोलच्या टोकाला काडेपेटीएवढा डबा बसवायचा. किरण त्या डब्यावर पडला की अनघाच्या हातातल्या पाटीवर आकडा उठायचा. नासिर एकेका रोलवर डबा बसवत गेला. एक नंबर, दोन, तीन. आठपर्यंत आली तशी अनघा थांबली.

"हे तुम्ही दोरीने लावलंय? खरं सांगा."

"मंग कायनं लावीन?"

"अर्धा केससुद्धा चूक नाही, चाचा."

नासिरने मिशीवरून हात फिरवला. त्याने डबा नऊ नंबरवर बसवला आणि बाजूला झाला.

आकडा उठेना.

"चाचा, किरणासमोरून हटा."

"मी इकडं हावो. खांबापाशी."

अनघाने पाटी वाकवून पाहिली. बटण दाबलं. "डब्यावर किरण पोचतच नाहीये. मधे कोणीतरी उभं आहे."

हवेत कागदाची बारीक धूळ तरंगत होती. तिच्यात किरण दिसत होता, ताणलेल्या लाल सुतासारखा. नासिर त्या सुताच्या कडेने नजर नेत गेला. सहा नंबर... सात... आठ. आठ आणि नऊच्या मधे सूत संपलं होतं. तिथे काही नव्हतं. रिकामी जागा. आणि त्या रिकाम्या जागेत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, लाल ठिपका नुसता टेकला होता.

ठिपका थोडा वर जात होता. थोडा खाली येत होता. हळू... सावकाश. जसं कोणी श्वास घेत असावं.

"धुळीचा गोळा असेल," अनघा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "चाचा... धूळच असेल ना?"

नासिरच्या तोंडून जे निघालं ते सवयीने निघालं. बारा वर्षं दोरी धरताना तो हेच म्हणत आला होता.

"हरिसिंग, बाजूले हो बापा. दोरी दिसत नाही."

ठिपका सरकला. सूत पुढे गेलं आणि डब्यावर पडलं. पाटीवर आकडा उठला.

मग अनघाने आकडा वाचला. "एक पूर्णांक आठ दशांश. जवळजवळ दोन मिलिमीटर तिरपा आहे, चाचा. हे खूप झालं."

"तुमचं यंत्र चुकते."

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"दोरी कशावरून घेता?"

नासिरने खुंटी दाखवली. अनघाने तिपाई हलवली आणि किरण दोरीच्या जुन्या वाटेने सोडला. तो खुंटीच्या टोकाला शिवून जायला हवा होता. शिवला नाही. बोटभर अंतरावरून सरळ निघून गेला.

नासिर जवळ गेला. त्याने खुंटी आणि किरण यांच्या मधे बोट घातलं. बोट पूर्ण आत गेलं.

त्याला चार वर्षांपूर्वीचा पावसाळा आठवला. तेव्हा एकटा नऊ नंबरच खोलून पुन्हा लावला होता. हरिसिंग त्याच जागी उभा होता, दोरी चिमटीत धरून. "चाचा, खुंटी सरकली वाटते. खाली काळी माती हाय. पाण्यानं फुगते न ते. खांबच हालला अशीन." आणि नासिर म्हणाला होता, "हे खुंटी उस्तादानं ठोकली. तू काल आला अन् मले शिकवून राह्यला?" हरिसिंग हसला होता. "राहू द्या चाचा, तुमी म्हणान ते." आणि त्याने दोरी मुकाट टेकवली होती.

दार किलकिलं झालं. मॅनेजर अवधूत साहेब आत आले. अनघाने आकडा दाखवला. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला.

"आधीचा आकडा रिपोर्टमध्ये कशाला, मॅडम? रोल सरळ करा आणि शेवटचा आकडा लिहा. सहाला मशीन चालू करायचीय." मग आवाज खाली आणून, "मिस्त्री, सही तुमचीच लागते. तीस वर्षांचं नाव आहे तुमचं. विचार करा."

दार बंद झालं. पुन्हा अंधार.

नासिरने पाना घेतला आणि नऊ नंबरच्या बुडाच्या बोल्टला लावला. बोल्ट एकदा फिरवला की रोल हलणार होता, आणि जुना आकडा जगातून जाणार होता. मग तो पुन्हा कोणालाच मोजता येणार नव्हता. त्याचं नाव राहणार होतं. हरिसिंगचंही राहणार होतं, जसं लिहिलंय तसं.

त्याने पान्यावर जोर टाकला.

टण्.

पलीकडून. मशीनच्या दुसऱ्या अंगाने. लोखंडावर लोखंड, एकदाच.

नासिरने पाना थांबवला. मशीन चालू असताना बोलणं ऐकू येत नसे, म्हणून त्याची आणि हरिसिंगची ठोक्यांची भाषा होती. पान्याने फ्रेमवर दोन ठोके म्हणजे अजून दे. तीन ठोके म्हणजे बसला. एक ठोका म्हणजे थांब. ही भाषा दोघांनाच येत होती.

"पलीकडे कोण आहे?" अनघा कुजबुजली. "दारं तर..."

"बाई," नासिर म्हणाला. "आकडा लिहा. रोल हालवाच्या आधी लिहा."

"पण साहेब..."

"लिहा म्हणतो न. नऊ नंबर वाकडा होता. खुंटी सरकली होती. हरिसिंगनं सांगतलं होतं, मिस्त्रीनं आयकलं नाही. हेबी लिहा."

"एवढं सगळं रिपोर्टमध्ये बसत नाही, चाचा."

"मंग मागच्या अंगाले लिहा. कागदाचा कारखाना हाय हा, कागद कमी नाही पडत."

तिने मोबाइलच्या उजेडात लिहिलं. एक प्रत साहेबाला, एक नासिरला. नासिरने दोन्हींवर सही केली. वेळ लावून, एकेक अक्षर काढून.

मग त्याने बोल्ट फिरवला. टण्, टण्. अजून फिरवला. टण्, टण्. त्याने पाटीकडे पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले होते. घाम हनुवटीवरून पान्यावर पडत होता. थोडा... अजून थोडा... नखभर.

टण्. टण्. टण्.

"शून्य," अनघा म्हणाली. "शून्यावर आला. तुम्ही तर बघितलंसुद्धा नाही."

"पाहाचं काम नव्हतं," नासिर म्हणाला.

तिने पुढचे रोल मोजले. दहापासून चोवीसपर्यंत सगळे नीट निघाले. ठोका पुन्हा वाजला नाही. पेट्या भरताना ती एकदाच पलीकडच्या अंगाला जाऊन आली. तिथे कोणी नव्हतं हे तिने सांगितलं नाही आणि नासिरने विचारलं नाही. जाताना ती त्याच्या पाया पडली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सहाला दहा मिनिटं कमी होती. त्या दिवशी नासिर कोळशाच्या ढिगाकडून गेला नाही. सरळ रद्दीच्या शेडमध्ये शिरला. बाकीच्या बाया घरी गेल्या होत्या. सत्यशीला एकटी गठ्ठ्यावर बसून पदराने वारा घेत होती. ती उठली नाही. बसा म्हणाली नाही.

नासिरने कागद पुढे धरला. "वाचून घेजो कोणाकडून. रोल वाकडा होता. हरिसिंगची चूक नव्हती. तो पिऊनबी नव्हता." तो थांबला. हे त्याने आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. "चूक माही होती, सत्यशीला."

तिने कागद घेतला, घडी घातली, कमरेला खोचला.

"मले ठाऊक होतं, मिस्त्री. तुमच्या तोंडून आयकाचं होतं."

मग ती रडली. फार नाही. डोळे पुसून उठली, माठाकडे गेली आणि पाण्याचे दोन गिलास भरून आणले. एक नासिरच्या हातात दिला. दुसरा त्याच्या डाव्या बाजूला, रिकाम्या गठ्ठ्यावर ठेवला. तिथली धूळ आधी हाताने झटकली.

नासिर शेजारच्या गठ्ठ्यावर टेकला आणि पाणी प्यायला. दुसरा गिलास तिचाच असेल असं त्याला वाटलं. तिने त्याला हात लावला नाही.

"झालं न आता?" ती हळूच म्हणाली. "आता तरी निजशील न?"

"कोण? मी?"

"तुमाले नाही म्हटलं, मिस्त्री."

ती त्याच्या खांद्यापलीकडे पाहत होती. मान थोडी कलती, जसं कोणी हळू बोलणाऱ्याचं ऐकतं. नासिरने डावीकडे पाहिलं नाही. त्याची मान वळेचना. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान मात्र त्याला दिसत होतं. आणि ते हळूहळू उतरत गेलेलंही दिसलं.

"काय झालं?"

"तो म्हणते... अजून एक वाकडा हाय."

"शक्य नाही. आजच मोजले. सारे चोवीस." नासिर उभा राहिला. गिलास खाली पडला. "कोणता? इचार त्याले... कोणता नंबर?"

सत्यशीलाचे ओठ हलले. ती पुढे वाकली, कान देऊन.

तेवढ्यात सहाचा भोंगा झाला. लांब, पूर्ण मिनिटभर. शेडचे पत्रे थरथरले. भिंतीपलीकडे वाफ सुटली आणि एकामागून एक रोल फिरू लागले.

भोंगा थांबला तेव्हा ती अजून त्या रिकाम्या गठ्ठ्याकडेच पाहत होती.

"भोंग्यात नाही आयकू आलं मले," ती म्हणाली. "अन् आता तो इथं नाही."