तासभर बोलायचं नाही

दाढ काढायला उपाशीपोटी जायचं नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी वरणभात खाऊन गेले. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तसं आधी सांगायचं असतं. माझ्या चालू नाहीत, तर मी नाहीत म्हणून सांगितलं. स्वभावच तसा आहे. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. सूचना नीट ऐकायची आणि नीट द्यायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही.

दाताच्या डॉक्टर दर्शना इथेच डोंबिवली पूर्वेला, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर बसतात. वयाने लहान, पण हात हलका. त्यांनी आदल्या दिवशीच एक छापील कागद दिला होता. दाढ काढल्यावर कापसाचा बोळा तासभर घट्ट चावून धरायचा. थुंकायचं नाही, थुंकी गिळायची. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. दिवसभर गरम काही खायचं नाही. आणि तासभर बोलायचं नाही. या शेवटच्या ओळीखाली त्यांनी पेनने रेघ मारली.

"बोललात की बोळा सरकतो काकू, आणि मग रक्त थांबत नाही," त्या म्हणाल्या.

बाकी सगळं मला जमण्यासारखं होतं. अवघड होती ती हीच ओळ, कारण घरी आई होती.

आई चौऱ्याऐंशीची आहे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत, त्यामुळे माणसं ती आवाजावर ओळखते. जिन्यात कुणी खोकलं तरी कोण ते सांगते. चार महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ सुदेश ठाण्यात बाळकुमला त्याच्या घरी झोपेतच गेला. आईचं हृदय नाजूक, तिला धक्का सोसणार नाही, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून मी तिला कळूच दिलं नाही. सुदेश दुबईला गेलाय, काम नवीन आहे, फोन करायला सवड मिळत नाही. ती रोज विचारायची आणि मी रोज हेच सांगायचे. खोटं बोलताना आवाज सपाट ठेवावा लागतो, आणि तसा तो तर मी नोकरीत आयुष्यभर ठेवलेला. कुणाच्या तोंडून ती बातमी निसटली तर आई जागच्या जागी जाईल, या एका भीतीपायी शेजारच्या शिवानीशिवाय मी कुणालाही तिच्यापाशी एकटं बसू देत नव्हते.

"आल्यावर तासभर मी बोलणार नाही हं," निघताना मी आईला सांगितलं. "दोन टाळ्या वाजवीन. दोन टाळ्या म्हणजे मी आहे."

"तासभर तू गप्प?" आई हसायला लागली. "दाढ काढायला चाललीयस की जीभ?"

दाढ निघाली. इंजेक्शन टोचलं तेवढंच दुखलं, मग नुसता कडकड आवाज. एक टाका घातला. अर्धा ओठ आणि जीभ दुसऱ्या कुणाची असल्यासारखी झाली होती.

घरी आले तर शिवानी दारातच उभी. "झालं काकू? बोलू नका, बोलू नका! आजी एकदम मस्त आहेत. मी पळते, कुकर ठेवून आलेली."

मी दार लावलं आणि दोन टाळ्या वाजवल्या.

"आलीस," आतून आई म्हणाली.

मी बर्फाची पिशवी गालाला लावून बाहेरच्या खोलीत घड्याळासमोर बसले. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

साडेबाराच्या सुमारास आईने विचारलं, "दुखतंय का गं?"

टाळी वाजवायला म्हणून मी पिशवी खाली ठेवली. तेवढ्यात आईच म्हणाली, "बरं, बरं. बधिर आहे तोवर सुख म्हणायचं."

स्वतःशीच बोलत असेल, म्हातारी माणसं बोलतात, असं मी धरून चालले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हो, तेही खरंच." मग थांबली. मग हसली. मग पुन्हा थांबली.

एक्स्चेंजमध्ये आमच्या कानावर कित्येकदा एकाच बाजूचं बोलणं पडायचं. पलीकडे माणूस आहे की लाइन मेलीय, हे या बाजूच्या थांबण्यावरून कळायचं. स्वतःशी बोलणारा माणूस वाटेल तिथे थांबतो. दुसऱ्याचं ऐकणारा समोरचं वाक्य संपेपर्यंत थांबतो. आई वाक्यं संपेपर्यंत थांबत होती.

"सुदेश?" आई म्हणाली.

मी उठले.

"कधी?"

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "झोपेतच?"

हे मी घरात कधी उच्चारलंही नव्हतं.

मी आत धावले. आई पलंगावर उठून बसली होती. तोंड दाराकडे नव्हतं, खिडकीजवळच्या खुर्चीकडे होतं. खुर्ची रिकामी. आईच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि कुणाचा तरी हात धरावा तशी तिची मूठ अर्धवट मिटलेली होती.

"बरं केलंस सांगितलंस," ती खुर्चीला म्हणाली. "चार महिने तुझा आवाज तुझा वाटतच नव्हता गं. दुसरीच कुणी बाई नीला म्हणून घरात वावरतेय, असं वाटायचं. आज कशी माझी नीला बोलली."

मी बोटांनी बोळा ओढून काढला. रक्त हनुवटीवर आलं.

"आई." जीभ वळत नव्हती. "आई, मी इकडे आहे."

आईने हात मागे घेतला. "कोण?"

"मी. नीला."

तिने खुर्चीकडे तोंड वळवलं. "नीला, कोण आलंय गं?"

तिने ऐकून घेतलं. वाक्य संपेपर्यंत. मान डोलावली.

"बसा ना," ती मला म्हणाली.

तीन वाजता बधिरपणा उतरला. शिवानीने माझा आवाज नेहमीसारखाच ओळखला. दाढेमुळे आवाज बदलत नाही, असं डॉक्टर दर्शना फोनवर म्हणाल्या. बोळा लवकर काढला म्हणून रागावल्याही.

आईला काही झालं नाही. दोन दिवस रडली, मग जेवायला लागली. रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. ज्याला मी चार महिने घाबरत होते ते घडलंच नाही, याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या हातून जेवताना ती मला "तुमचं जेवण झालं का?" असं विचारते, आणि मला मोरीत जाऊन रडावं लागतं.

शिवानीला तिने सांगितलं, "नीलाने माझ्यासाठी बाई ठेवलीय. करते सगळं मायेने. आवाज तेवढा सपाट आहे बिचारीचा."

सातव्या दिवशी टाका काढला. दुपारी मी पलंगावर आईसमोर बसले, तिचे दोन्ही हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरले आणि सगळं सांगितलं. शाळेतून पळून आले होते ते, सुदेशला पाळण्यातून पाडलं होतं ते, आणि शेवटी त्याला अग्नी दिला त्या दिवसाचं. "चुकलं माझं, आई. सांगायला हवं होतं. मी नीला आहे गं."

आईने शांतपणे ऐकलं. "रडू नका," ती म्हणाली. मग तिने स्वयंपाकघराच्या बाजूला तोंड वळवलं. "नीला, आहेस ना गं?"

माझे दोन्ही हात आईच्या हातांत होते.

स्वयंपाकघरातून दोन टाळ्या ऐकू आल्या.

"आहे," आई मला म्हणाली. "पण तासभर बोलायची नाही ती. आजच दाढ काढून आलीय."